नभोवाणीचा खर्च आणि नभोवाणीचे सेवक : २०१० च्या संपाची पूर्वपीठिका

१

मंगळवार, दिनांक २३ नोव्हेंबर २०१० रोजी सकाळी नऊ वाजता आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या सेवकांनी अठ्ठेचाळीस तासांच्या देशव्यापी संपास प्रारंभ केला. नॅशनल फेडरेशन ऑफ आकाशवाणी अँड दूरदर्शन एम्प्लॉईज या महासंघाच्या छत्राखाली अभियंते, कार्यक्रम अधिकारी, तंत्रज्ञ आणि कार्यालयीन सेवक यांच्या अनेक संघटना एकत्र आल्या होत्या, आणि सुमारे अडतीस हजार सेवकांच्या वतीने आपण बोलत आहोत असा या महासंघाचा दावा होता. थेट प्रक्षेपणे विस्कळीत झाली आणि बऱ्याच ठिकाणी ध्वनिमुद्रित कार्यक्रमांवर वेळ भागवावी लागली. त्यांची प्रमुख मागणी मात्र अशी होती की ती ऐकून स्वायत्ततेचे पुरस्कर्ते चकित व्हावेत. १९९० चा प्रसार भारती कायदा रद्द करावा आणि आकाशवाणी व दूरदर्शन ही पूर्ववत सरकारची खाती करावीत, असे संपकऱ्यांचे म्हणणे होते.

सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या सेवकांनी शासनाच्या हस्तक्षेपाविरुद्ध उभे राहावे, ही जगातील सामान्य रीत होय. येथे सेवकच शासनाच्या आश्रयाला परत जाऊ इच्छीत होते. या विसंगतीचा सोपा उलगडा पुष्कळांनी त्या वेळी केला : सरकारी नोकरीची शाश्वती आणि निवृत्तिवेतन यांचा मोह, एवढेच या मागणीचे मूळ आहे असे म्हटले गेले. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, हा उलगडा खोटा नसला तरी अपुरा आहे. भारतीय नभोवाणीच्या इतिहासात ‘खर्च कोणी सोसावयाचा’ आणि ‘सेवक कोणाचा’ हे दोन प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच राहिले आहेत. पहिल्याचे उत्तर टाळून दुसऱ्याचे देण्याचा प्रत्येक प्रयत्न फसला. २०१० चा संप हा त्या फसलेल्या प्रयत्नांतील शेवटच्या टप्प्याचा परिणाम होता.

हा विषय दिल्लीतील समित्यांच्या अहवालांतून पाहण्याची वाट रुळलेली आहे. येथे त्यासोबत आणखी एक बाजू ध्यानात ठेवावयाची आहे, आणि ती म्हणजे श्रोत्याची. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील कासू हे गाव सोयीचे आहे. पेण व नागोठणे यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गावर आणि पनवेल-रोहे लोहमार्गावर वसलेले हे भातशेतीच्या टापूतील गाव होय. त्याच्या पश्चिमेस खाडीची व खारजमिनीची पट्टी आहे. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही मुंबईपासून वेगळे असलेल्या अशा गावालाच सार्वजनिक नभोवाणीचे खरे प्रयोजन समजते.

२

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले, आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र सुरू झाले. दोन्ही केंद्रे सरकारी नव्हती. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीने ती चालविली. तिचे अधिकृत भांडवल पंधरा लाख रुपये होते, परंतु प्रत्यक्षात सहा लाखच उभे राहिले. प्रत्येक केंद्राचे प्रक्षेपक यंत्र दीड किलोवॉटचे असून त्याचा खात्रीलायक पल्ला सुमारे तीस मैल एवढाच होता. नकाशावर मुंबई केंद्र कल्पून तीस मैलांचे वर्तुळ काढले तर कासू त्याच्या जवळजवळ काठावर येते. म्हणजे या गावापर्यंत ध्वनी कसाबसा पोचू शकत होता. तो ऐकण्याचा संच मात्र शेतकऱ्याच्या आवाक्यापलीकडचा होता.

कंपनीच्या उत्पन्नाची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक संचधारकाने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क द्यावयाचे आणि त्यातील ऐंशी टक्के कंपनीला मिळावयाचे, असा करार होता. आयात होणाऱ्या यंत्रसामग्रीवरही तिला काही वाटा मिळे. आरंभी परवाने जेमतेम हजाराच्या घरात होते, ते पुढील तीन वर्षांत आठ हजारांच्या आसपास गेले. आठ हजार परवान्यांचे शुल्क ऐंशी हजार रुपये होते आणि कंपनीचा वाटा चौसष्ट हजार. एवढ्या वार्षिक रकमेत दोन महानगरांतील दोन केंद्रे, त्यांचे वादक, गायक, निवेदक आणि यंत्रज्ञ यांचा निर्वाह होणे अशक्यच होते. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. एक महिन्याने, १ एप्रिल १९३० पासून, शासनाने ही केंद्रे दोन वर्षांच्या प्रयोगादाखल आपल्या हाती घेतली व त्यांस इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असे नाव दिले. ही सेवा ज्या खात्याकडे आली ते उद्योग व श्रम खाते होते. नभोवाणी ही संस्कृतीची बाब आहे, शिक्षणाची आहे की श्रमाची, हा वाद पुढे पुष्कळ रंगला. प्रशासनाने तिची पहिली नोंद मात्र श्रमाच्या खात्यात केली होती.

जागतिक मंदीचा तडाखा बसताच शासनाने काटकसरीची कुऱ्हाड उगारली. ऑक्टोबर १९३१ मध्ये ही सेवा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यावर श्रोत्यांकडून, विशेषतः बंगालमधून, तीव्र निषेध झाला आणि नोव्हेंबरमध्ये शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. पुढे मे १९३२ मध्ये सेवा कायम ठेवण्याचे ठरले. पण निषेधाने सेवा वाचली तरी पैशाचा प्रश्न सुटला नव्हता. तो सोडविण्यासाठी शासनाने संचावरील आयातकर दुप्पट करून पन्नास टक्के केला. नभोवाणी टिकविण्याचा भार असा ज्याला ती ऐकावयाची होती त्याच्यावरच पडला, आणि ज्याला संच परवडत नव्हता तो आणखी दूर ढकलला गेला. या घटनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, सार्वजनिक सेवेचा खर्च कोणत्याही कायमस्वरूपी तत्त्वावर न ठरविता तत्कालीन अडचणीनुसार भागविण्याची प्रथा येथेच पडली. दुसरी अशी की, सेवा वाचविण्याची चळवळ आणि सेवकांचे भवितव्य ही जणू दोन निराळी प्रकरणे आहेत असे मानले गेले. केंद्रे राहणार की जाणार याची चर्चा वृत्तपत्रांत झाली, पण त्या केंद्रांत काम करणाऱ्यांच्या नोकरीचे स्वरूप काय असावे, हा प्रश्न त्या चर्चेत दुय्यमच राहिला.

याच काळात कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, एक दुसरी गोष्ट घडत होती. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध कुळांचा संप पुकारला गेला. पंचवीस गावांतील कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. १९३७ मध्ये शेतकऱ्यांचे स्वतःचे ‘कृषीवल’ हे पत्र निघाले. पेण-पोयनाडच्या या पट्ट्यातील माणसांना आपला आवाज आपल्या पैशातून आणि आपल्या श्रमातून उभा करावा लागतो, हा धडा त्यांनी पुस्तकात वाचला नव्हता. १९३१ मध्ये सरकारी नभोवाणी वाचविणारे सुशिक्षित श्रोते आणि १९३३ मध्ये पीक सोडून देणारी कुळे यांची गाठ पडली नाही. दोघांचा प्रश्न मात्र एकच होता : जे सर्वांच्या उपयोगाचे आहे त्याची किंमत कोणी मोजावयाची?

३

१९३५ च्या ऑगस्टमध्ये लायनेल फील्डन हे नियंत्रक म्हणून आले आणि ८ जून १९३६ पासून सेवेस ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. संस्थेचा विस्तार झाला, तशी तिच्या आत सेवकांची एक विलक्षण विभागणीही स्थिर झाली. अभियंते आणि कारकून हे शासकीय सेवक होते. परंतु जे श्रोत्याच्या कानी पडते ते निर्माण करणारे, म्हणजे गायक, वादक, निवेदक, वृत्तांचे अनुवादक, संहितालेखक आणि निर्माते, हे ‘स्टाफ आर्टिस्ट’ या नावाने करारावर घेतले जात. त्यांना वेतन नव्हे तर ‘फी’ मिळे. करार आधी काही वर्षांचे असत आणि पुढे निवृत्तीच्या वयापर्यंतचे झाले, तथापि ते करारच राहिले. कलावंताला कारकुनी शिस्तीत बांधू नये, हे या पद्धतीचे समर्थन होते आणि त्यात तथ्यांश नव्हता असे नाही. १९५० च्या दशकात साहित्यिक व संगीतज्ञ यांना निर्माते म्हणून आमंत्रित करण्यात आले, तेव्हा मराठीतील पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखी माणसे आकाशवाणीत आली. माडगूळकरांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम दीर्घकाळ केले.

परंतु ज्याचे नाव मोठे नव्हते अशा सारंगीवादकाला किंवा निवेदकाला या पद्धतीचा दुसरा चेहरा दिसे. बारा महिने तेच काम, त्याच वेळा, त्याच पाळ्या, आणि तरीही तो ‘सेवक’ नव्हे. शासकीय सेवकाला संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाने मिळणारे संरक्षण आपल्याला आहे की नाही, हे त्याला न्यायालयात जाऊन विचारावे लागले. स्टाफ आर्टिस्टांच्या संघटनांनी हा लढा अनेक वर्षे चालविला. १९८२ मध्ये त्यांना शासकीय सेवक होण्याचा मार्ग खुला झाला. १९८७ मध्ये एम. ए. चौधरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्टाफ आर्टिस्ट हे शासनाखालील पद धारण करतात असे मानले, तर १९८८ मध्ये वाय. के. मेहता यांच्या प्रकरणात दूरदर्शनच्या कलावंतांना फिल्म्स डिव्हिजनमधील समकक्ष पदांइतके वेतन मिळावे, असा निर्णय दिला. येथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. मुंबई केंद्रावरून ‘कामगार सभा’ हा गिरणी व कारखाना कामगारांसाठीचा कार्यक्रम वर्षानुवर्षे प्रसारित होत असे, आणि तो तयार करणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण स्वतः कामगार आहोत की नाही हे ठाऊक नव्हते. आकाशवाणी हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने संतोषकुमार यांच्या प्रकरणात सांगेपर्यंत १९९८ साल उजाडले.

म्हणून शासकीय सेवेचा आग्रह हा केवळ सुखासीनतेचा आग्रह होता असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. नभोवाणीच्या सेवकाने चाळीसेक वर्षांत एवढेच शिकले होते की, शासनाच्या चौकटीबाहेरचा सेवक हा अनिश्चित सेवक असतो. ही चौकट त्याने भीक म्हणून मिळविली नव्हती. ती त्याने न्यायालयात आणि संघटनेत लढून मिळविली होती, आणि ती मिळून दशकही उलटले नाही तोच ती सोडण्याची भाषा सुरू झाली.

४

स्वायत्ततेची कल्पना जुनी होती. चंदा समितीने १९६६ मध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणी यांना शासनापासून अलग करण्याची शिफारस केली. आणीबाणीतील अनुभवानंतर नेमलेल्या वर्गीस समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या न्यासाची योजना मांडली. १९७९ चे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने लयास गेले आणि शेवटी १९९० मध्ये प्रसार भारती कायदा संमत झाला. तोही सात वर्षे अंमलात आला नाही. दरम्यान, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. कायदा १५ सप्टेंबर १९९७ पासून लागू झाला आणि २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती निगम अस्तित्वात आला. तेरा वर्षांनी त्याच तारखेला संप सुरू झाला.

या कायद्याची दोन कलमे एकत्र वाचली पाहिजेत. अकरावे कलम सेवकांना निगमाकडे वर्ग करण्याविषयी आहे. सतरावे कलम पैशाविषयी आहे. संसदेच्या मंजुरीने शासन निगमाला परवाना शुल्काचे उत्पन्न ‘असल्यास’ ते देऊ शकेल, आणि शासनाला आवश्यक वाटतील अशा अन्य रकमा भांडवल, अनुदान वा कर्ज या रूपाने देऊ शकेल, असे ते सांगते. ‘असल्यास’ हा शब्द वाचकाने थोडा वेळ डोळ्यांसमोर ठेवावा. श्रोत्यांकडून घेतले जाणारे परवाना शुल्क १९८० च्या दशकाच्या मध्यावरच रद्द झाले होते. म्हणजे १९९० च्या कायद्याने निगमाला उत्पन्नाचा जो पहिला मार्ग दाखविला तो कायदा होण्यापूर्वीच बुजलेला होता, आणि दुसरा मार्ग ‘शासनाला आवश्यक वाटेल’ या शब्दांवर अवलंबून होता. देणे बंधनकारक नव्हते. ते ऐच्छिक होते.

तिसरा मार्ग जाहिरातींचा. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर व्यापारी प्रसारण सुरू झाले, तेव्हापासून हा मार्ग परिचयाचा होता. पण जाहिरातदाराचे लक्ष ग्राहकावर असते. खारभूमीतील भातरोपांवर कोणती कीड पडली आहे, खाडीत आज उतरावे की नाही, हे सांगणाऱ्या पंधरा मिनिटांना ग्राहक नसतो, तेथे फक्त श्रोता असतो. पुणे केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा जो प्रयोग केला, त्यात अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर गावात सामुदायिक चर्चा अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी त्याची पाहणी केली आणि ती जगभर अभ्यासली गेली. त्या प्रयोगाचे यश प्रक्षेपक यंत्राच्या शक्तीत नव्हते. गावोगाव जाणारे संघटक, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना पुढील कार्यक्रमात उत्तर देणारे निर्माते आणि मंडळाची नोंद ठेवणारा गावातला चिटणीस, यांच्या श्रमावर ते उभे होते. अशा श्रमाला बाजारात भाव नाही. तो सार्वजनिक पैशातूनच पोसला जाऊ शकतो.

सेवकांच्या दृष्टीने कायद्याचा अर्थ असा झाला : ज्या संस्थेला स्वतःचे निश्चित उत्पन्न नाही तिचे नोकर व्हा. १९९७ ते २०१० या तेरा वर्षांत हजारो माणसे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानून काम करीत राहिली. ती सरकारची की निगमाची, त्यांचे निवृत्तिवेतन कोण देणार, बढती कोणत्या नियमांनी होणार, हे सर्व अधांतरी होते. नियमित भरती दीर्घकाळ जवळजवळ थांबलेली होती, आणि रिकाम्या जागांवर महिन्यातून मोजक्या पाळ्या मिळणाऱ्या नैमित्तिक निवेदकांची भर पडत होती. ‘स्टाफ आर्टिस्ट’ ही जी पद्धत मागल्या पिढीने मोडून काढली होती तीच दुसऱ्या नावाने मागच्या दाराने परत येत होती.

५

या पार्श्वभूमीवर २०१० ची मागणी पुन्हा तपासली म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. संपकऱ्यांना स्वायत्तता नको होती असे म्हणण्यापेक्षा, निधीवाचूनची स्वायत्तता नको होती, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. तरी त्यांच्या मागणीतील दोषही लपविण्याचे कारण नाही. नभोवाणी पुन्हा शासनाचे खाते झाली असती तर आणीबाणीतील अनुभवानंतर वर्गीस समितीने मांडलेल्या युक्तिवादाचा पायाच ढासळला असता. वृत्तविभागावर शासनाचा दाब असतो, हे श्रोत्याला आणि संघटनेला दोघांनाही ठाऊक होते. आपली सुरक्षितता आणि श्रोत्याचा निःपक्ष माहितीचा हक्क यांतून एक निवडण्याचा प्रसंग संघटनेवर यावा, हे दुर्दैव होय. परंतु तो प्रसंग संघटनेने निर्माण केला नव्हता. तो सतराव्या कलमाने निर्माण केला होता.

शासनाने कायदा रद्द केला नाही, परंतु तडजोड केली. २०११ च्या दुरुस्ती कायद्याने ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले सेवक निवृत्तीपर्यंत प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जातील, असे ठरले. २०१२ मध्ये निगमाच्या वेतनखर्चाचा भार पाच वर्षे शासनाने उचलण्याचाही निर्णय झाला. हा संघटनांचा विजय होता यात शंका नाही. पण त्या विजयाला एक तारीख चिकटलेली होती. ५ ऑक्टोबर २००७ च्या अलीकडचा सेवक त्या संरक्षणाच्या बाहेर राहिला. जे आत होते ते एकामागून एक निवृत्त होऊ लागले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांपैकी पुष्कळांची नेमणूक कराराची राहिली. अशा रीतीने संस्थेचा प्रश्न सुटण्याऐवजी एका पिढीचा प्रश्न सुटला. संघटनांच्या इतिहासात हे वारंवार घडते. हाती आलेल्या तडजोडीत आजचा सभासद सुरक्षित होतो आणि उद्याचा सभासद करारपत्रातून गळतो.

६

जगातील दोन उदाहरणे तुलनेसाठी घेता येतील. ११ जून २०१३ रोजी ग्रीसच्या शासनाने काटकसरीच्या नावाखाली ई.आर.टी. ही सार्वजनिक प्रसारण संस्था त्याच रात्री बंद केली आणि सुमारे सव्वीसशे सेवकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांनी इमारत न सोडता महाजालावरून प्रसारण चालू ठेवले, नागरिक त्यांच्या भोवती जमले, आणि पुढील शासनाच्या काळात, ११ जून २०१५ रोजी, संस्था पुन्हा सुरू झाली. तेथे सेवक आणि श्रोता एकाच अंगणात उभे राहिले. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधी मंजूर केलेले एक अब्ज दहा कोटी डॉलर परत घेतले. त्यानंतर काही दिवसांतच कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग या संस्थेने आपले काम आवरते घेण्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतील केंद्रांना देणगीदार मिळू शकतात, पण विरळ वस्तीच्या ग्रामीण भागातील केंद्रांचा निर्वाह या अनुदानावरच अधिक होता. शासन ऐच्छिक देणे थांबविते तेव्हा पहिला आघात नेहमी काठावरच्या श्रोत्यावर होतो.

महाराष्ट्रातही अलीकडे याची चुणूक दिसली. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचे एक प्रक्षेपण केंद्र नागपूर येथे होते. ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये झाला. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा आदेश निघाला. श्रोते, वृत्तपत्रे आणि सर्व पक्षांचे लोकप्रतिनिधी यांनी हरकत घेतल्यावर त्याला स्थगिती मिळाली. १९३१ ची पुनरावृत्ती म्हणावी इतके हे साम्य आहे. निर्णय अचानक, कारण प्रशासकीय, निषेध श्रोत्यांचा, माघार तात्पुरती आणि मूळ प्रश्न जेथल्या तेथे. त्याच वर्षी जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसार भारतीच्या आधुनिकीकरणासाठी २०२५-२६ पर्यंत दोन हजार पाचशे एकोणचाळीस कोटी रुपयांहून अधिक खर्चाची योजना मंजूर केली होती. यंत्रांसाठी पैसा मिळतो, कारण यंत्र विकत घेता येते व दाखविता येते. निवेदकाचे वेतन हा मात्र दर वर्षी पुन्हा समर्थन करावा लागणारा खर्च मानला जातो.

येथे कासूकडे परत वळणे आवश्यक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागनजीक किनाऱ्यावर आदळले आणि रायगड जिल्ह्यातील वीज व भ्रमणध्वनी सेवा अनेक ठिकाणी कित्येक दिवस बंद राहिल्या. त्याआधी २४ जुलै १९८९ च्या महापुरात आंबा नदीच्या खोऱ्यातील जांभूळपाड्याची झालेली हानी या भागाच्या स्मरणात आहे. वीज गेली, मनोरा पडला, महाजाल तुटले, की बॅटरीवर चालणारा साधा संच आणि दूर कोठे तरी रात्रपाळीला बसलेला माणूस, एवढ्या दोनच गोष्टी शिल्लक राहतात. संच श्रोत्याचा असतो. रात्रपाळीचा माणूस मात्र कोणाचा, हा प्रश्न आपण सुमारे शतकभर टाळीत आलो आहोत.

७

वरील विवेचनावरून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. भारतातील सार्वजनिक नभोवाणीला निधीचा कायम आधार कधीच लाभला नाही. परवाना शुल्क अपुरे पडले आणि पुढे रद्द झाले, जाहिरात ग्राहकाच्या मागे गेली आणि अनुदान शासनाच्या मर्जीवर राहिले. निधीच्या या अनिश्चिततेतून सेवकांची अनिश्चितता निर्माण झाली. तिच्याविरुद्ध संघटनांनी शासकीय सेवेचा आश्रय घेतला, आणि त्यामुळे स्वायत्तता व सुरक्षितता यांत एक कृत्रिम विरोध उत्पन्न झाला. २०१० चा संप हा त्या विरोधाचा परमोत्कर्ष होय. सतराव्या कलमातील ऐच्छिक शब्दयोजना बदलून संसदेने ठरावीक, दीर्घ मुदतीचा आणि कारभाऱ्यांच्या मर्जीबाहेरचा निधी बांधून दिला असता, तर सेवकांना सरकारच्या दाराशी परत जाण्याचे कारण उरले नसते.

संघटनांकडेही या इतिहासातून एक प्रश्न येतो. १९३१ मध्ये आणि २०२३ मध्ये सेवा वाचविण्यासाठी श्रोते पुढे आले. २०१० मध्ये सेवक पुढे आले, परंतु त्यांची मागणी श्रोत्याला आपली वाटावी अशा शब्दांत मांडली गेली नाही. चरीच्या कुळांनी सहा वर्षे टिकाव धरला, कारण त्यांचा लढा गावागावाचा झाला होता. नभोवाणीच्या सेवकाचे वेतन हा कासूच्या श्रोत्याच्या हक्काचा भाग आहे, हे ज्या दिवशी सेवकांच्या संघटना श्रोत्याला पटवून देतील आणि श्रोता ते शासनाला ऐकवील, त्या दिवशी १९२७ पासून अनुत्तरित राहिलेला हिशेब मिटू लागेल. तोवर प्रत्येक काटकसरीच्या वेळी हीच लढाई नव्याने लढावी लागणार.